रोजगार हमीमुळे शेतमजुरांची मागणी घटते का, आणि पाझर तलावाला सार्वजनिक वस्तू म्हणता येईल का?

प्रश्न : कोरडवाहू_विद्यार्थी

नमस्कार. मी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. बाजाराचे अपयश, सार्वजनिक वस्तू (एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी न पडणाऱ्या आणि कोणालाही वगळता न येणाऱ्या) आणि श्रमाची मागणी ही तिन्ही प्रकरणे एकाच उदाहरणातून मांडणारा निबंध लिहावा, म्हणून मी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना निवडली आणि तेथेच अडकलो आहे.

योजनेचा इतिहास मी वाचला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेला प्रयोग, 1972 च्या दुष्काळात राज्यभर निघालेली कामे, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आलेला राज्याचा कायदा आणि 2005 चा केंद्रीय कायदा हा क्रम मला ठाऊक आहे. अडचण सिद्धान्ताची आहे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे मजुरीचा दर समतोलापेक्षा, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या दरापेक्षा, वर नेला की मजुरांची मागणी घटते. सरकारने गावात ठरावीक दराने काम उपलब्ध करून दिले तर तो दर शेतमजुरीचा तळ होतो, म्हणजे खासगी शेतीतील रोजगार कमी व्हायला हवा. तसे खरोखर होते का?

दुसरी शंका पाझर तलावाविषयी आहे. योजनेच्या कामांतून उभ्या राहणाऱ्या मत्ता सार्वजनिक वस्तू आहेत असे सगळीकडे लिहिलेले असते, परंतु आमच्या गावच्या तलावाखाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यांचीच पिके उभी राहिली आणि भराव टाकायला गेलेल्या भूमिहीन कुटुंबांना मजुरीपलीकडे काही मिळाले नाही. मग या तलावाला सार्वजनिक वस्तू कोणत्या अर्थाने म्हणावे? आणि ती तशी नसेल, तर शहरातल्या पगारदाराने व्यवसाय कर भरून तिचा खर्च का उचलावा?

उत्तर 1 : खडू_फळा (अर्थशास्त्राचे अध्यापन)

आपली पहिली शंका रास्त आहे, मात्र पाठ्यपुस्तकातील त्या निष्कर्षामागे एक गृहीतक आहे आणि ते बहुधा वाचताना निसटते. मजूर लावणारे इतके आहेत की त्यांपैकी एकालाही दर ठरवता येत नाही, असे तेथे धरलेले असते. कोरडवाहू गावात उन्हाळ्यात काम देणारे चार-सहा मोठे खातेदार असतात, ते एकमेकांना ओळखतात, आणि हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, किती द्यायची हे बहुधा पारावरच ठरते. मजुराला, विशेषतः घरी लहान मूल असलेल्या बाईला, पंधरा कोसांवरच्या गावी कामाला जाणे शक्य नसते. अशा बाजाराला मोनॉप्सनी, म्हणजे खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात. जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये ती मांडली.

आकड्यांत पाहा, हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एका खातेदाराकडे 300 रुपये रोजाने दहा मजूर येतात. अकरावा यायचा तर 320 रुपये द्यावे लागतील, परंतु ते एकट्यालाच देता येत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी उरलेले दहा जणही तेवढेच मागतील. म्हणजे अकराव्या मजुराचा खरा खर्च 320 अधिक दहा जणांना वाढवून दिलेले 200, असा 520 रुपये पडतो. त्याच्या कामातून 450 रुपयांचे उत्पन्न वाढणार असले तरी खातेदार त्याला बोलावत नाही. आता गावात 350 रुपयांचे सरकारी काम सुरू झाले असे समजा. 350 च्या खाली कोणीच येणार नाही, पण 350 ला हवे तितके येतील. अकराव्याचा खर्च आता 350 आणि उत्पन्न 450 आहे, म्हणून त्याला काम मिळते. पुढचा मजूरही 350 पेक्षा अधिक उत्पन्न देत असेल तर त्यालाही मिळते. मजुरी वाढली आणि रोजगारही वाढला. तोच तळ 500 वर नेला तर मात्र अकराव्याला काम मिळणार नाहीच, दहांपैकीही एखाद-दुसरा घरी बसेल. म्हणून उत्तर दराच्या दिशेवरून मिळत नाही. दर किती आणि मजूर लावणारे किती, हे दोन्ही पाहावे लागते.

याला प्रत्यक्ष पुरावा आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी तत्कालीन आंध्र प्रदेशात स्मार्टकार्डद्वारे मजुरी देण्याची पद्धत काही मंडलांत आधी आणि काहींत नंतर सुरू करून तुलना केली. जेथे योजना नीट चालू लागली तेथे खासगी मजुरीचे दर वाढले आणि खासगी रोजगार घटण्याऐवजी वाढला. उलट बाजूचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. 1988 मध्ये राज्यातील किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर रोजगार हमीचे दरही चढले. त्यानंतर योजनेवरील उपस्थिती वाढायला हवी होती, ती घटली. मार्टिन रॅव्हेलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा काम मागणाऱ्यांना अडवून उपस्थिती आटोक्यात ठेवली गेल्याचे दिसून आले. मागेल त्याला काम हे तत्त्व कागदावर तसेच राहिले आणि तिजोरीने मर्यादा घातली. निबंधात हे दोन्ही दाखले घ्या. एकच घेतला तर तो प्रचार होईल.

व्यवसाय कराबद्दल थोडक्यात सांगतो. हा कर 1975 पासून मुख्यतः याच योजनेसाठी आहे आणि त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये आहे. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, हे पगारदारांच्या अंगवळणी पडले आहे. दुष्काळात गावे ओस पडून मुंबई-पुण्याकडे लोंढे निघाले की घरे, पाणी आणि दवाखाने यांवरचा ताण शहरालाच सोसावा लागतो. एका ठिकाणच्या घटनेचा भार असा तिसऱ्यावर पडणे ही बाह्यता आहे आणि शहर ती टाळण्याची किंमत मोजते. यात दानधर्माचा भाग फार थोडा आहे.

उत्तर 2 : द्राक्षबाग_तासगाव

अध्यापक महोदयांची मांडणी माणदेशातल्या कोरडवाहू गावाला लागू पडत असेल, आमच्याकडे नाही. योजनेचा दर 2024-25 मध्ये 297 रुपये होता; त्या दराने आमच्या बागेत कोणी पाऊल टाकत नाही. येथे हजेरीपेक्षा उक्ते काम चालते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग विरळणी आणि जीएचे डिपिंग (घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवणे), प्रत्येक कामाचा एकरी दर ठरतो, टोळीचा मुकादम तो ठरवून घेतो आणि दोन बागायतदारांचा माल एकाच अवस्थेत आला की टोळी आपणच दर चढवते. घड ठरावीक अवस्थेत असतानाच डिपिंग करावे लागते, दोन-तीन दिवस हुकले तर मण्याची फुगवण जाते. अशा वेळी मक्तेदारी असलीच तर ती मजुरांच्या बाजूने आहे, आमच्या नाही.

दुसरे असे की मागणीचा वक्र, म्हणजे कोणत्या दराला किती मजूर लावले जातात ते, पाच-दहा वर्षांच्या अंतराने पाहावा. मजुरी वाढली म्हणून शेतकरी त्या हंगामात मजूर तोडत नाही, कारण उभे पीक सोडता येत नाही. तो पुढच्या वर्षी बदलतो. खुरपणीला बाया मिळेनात म्हटल्यावर तणनाशक आले, नांगरटीला आणि कोळपणीला छोटा ट्रॅक्टर आला, ज्वारीची काढणी जमेना म्हणून कित्येकांनी ज्वारीच सोडली. ज्वारी गेली तशी कडबाही गेला आणि दुभत्या जनावरांचा हिशेब बिघडला. तणनाशकाने ज्या बायांचे काम गेले त्यांना ते परत मिळालेले नाही. याचा दोष एकट्या रोजगार हमीला देणे चूक ठरेल, कारण शहरातली बांधकामे आणि शिकलेल्या मुलांची शेतीकडे पाठ ही कारणे त्याहून मोठी आहेत. तरीही पेरणी-काढणीच्या दिवसांत योजनेची कामे बंद ठेवावीत ही जुनी मागणी सर्वस्वी गैर आहे असे मला वाटत नाही.

उत्तर 3 : निवृत्त_उपअभियंता

मागणीपुरवठ्याच्या वादात मी पडत नाही. तलावांविषयी लिहितो, कारण ते बांधण्यातच माझ्या नोकरीची वर्षे गेली.

पाझर तलावाला कालवा नसतो, पाटाचे पाणी सोडायला विमोचकही नसतो. नाल्याला आडवा मातीचा बांध घालायचा, मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण, पाण्याच्या बाजूला दगडी अस्तर आणि एका कडेला सांडवा, एवढीच त्याची रचना असते. साठलेले पाणी झिजलेल्या, भेगाळलेल्या खडकातून खाली उतरते आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. आता आपल्या व्याख्या लावून पाहा. जमिनीखाली पाणी मुरवण्याचे काम सार्वजनिक वस्तूसारखे आहे: त्याचा लाभ कोणाला किती झाला हे मोजून पैसे वसूल करता येत नाहीत, म्हणून कोणी खासगी माणूस पाझर तलाव बांधत नाही. तेच पाणी विहिरीत आले की गोष्ट बदलते. मी उपसलेले पाणी शेजाऱ्याला मिळत नाही आणि त्याला उपसण्यापासून मी अडवूही शकत नाही. ही सामाईक साधनसंपत्ती झाली, आणि ती ज्याची मोटर मोठी त्याच्याकडे जाते. आपल्या गावात जे घडले ते म्हणूनच घडले. तलाव चांगला झाला असता तरी तेच घडले असते.

याला उत्तर शोधण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न पुरंदर तालुक्यात झाला. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथून पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता माणसांवर ठरवला: माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, उसाला मनाई, आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा. या शेवटच्या अटीकडे आपल्या निबंधात जरूर लक्ष द्या. भूमिहीनाच्या हाती पाण्याचा हक्क आला की तो वाट्याने शेती करू शकतो, आणि मग शेतमालकाशी हजेरीचे बोलणे करताना तो पूर्वीचा राहत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी करून दुसऱ्या मार्गाने तेच साधले. बंधारे तर शेकडो गावांत झाले. नियम थोड्याच गावांनी केले.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. 2005 च्या केंद्रीय कायद्यानुसार खर्चाचा किमान 60 टक्के भाग मजुरीवर जावा लागतो आणि मजुरांची जागा घेणारी यंत्रे वापरता येत नाहीत. हेतू उघड आहे. परंतु मातीचा बांध थराथराने पाणी मारून, रोलर फिरवून दाबावा लागतो, आणि सांडव्याला सिमेंट-दगडाचे पक्के काम लागते. मनुष्यदिवस भरण्याच्या घाईत दबाई कच्ची राहिली की गाभा झिरपतो, एखाद्या मोठ्या पावसात बांध खचतो, आणि विहिरींना पाणी लागून जी बागायत वाढली असती, त्या बागायतीत खुरपणी, तोडणी, बांधणी यांसाठी वर्षानुवर्षे जे मजूर लागले असते, ते काम उभेच राहत नाही. आजची श्रमाची मागणी वाढवण्यासाठी केलेला नियम उद्याची मागणी खातो. माझ्या मते तळदरावरच्या वादाहून हा मुद्दा मोठा आहे.

कोरडवाहू_विद्यार्थी

तिघांचेही आभार. पाण्यामुळे मजुराची सीमांत उत्पादकता, म्हणजे आणखी एका मजुरामुळे वाढणारे उत्पन्न, वाढते आणि मागणीचा वक्रच उजवीकडे सरकतो, हा दुवा मला सापडत नव्हता. एक गोष्ट मात्र उरते. आमच्याकडे अजून गुढी पाडव्याला सालगडी ठेवण्याची पद्धत आहे. रोजगार हमीचे काम उपलब्ध असूनही माणसे वर्षभरासाठी कमी दराने का बांधून घेतात?

खडू_फळा

कारण सालाच्या बोलीत मजुरीबरोबर कर्जही असते. लेकीचे लग्न किंवा दवाखाना यांसाठी पाडव्याला एकरकमी उचल मिळते, ती वर्षभर अंगावर फिटते. श्रमाच्या बाजाराचे अपयश येथे पतपुरवठ्याच्या बाजाराच्या अपयशावर उभे आहे आणि रोजगार हमी त्यातील पहिल्यालाच हात घालते. तोही तोकडा, कारण पैसे उशिरा येतात. हजेरीपट बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी देणे बंधनकारक आहे. सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज 0.05 टक्के भरपाई मिळते. बागायतदारांनी वर सांगितलेल्या 297 रुपयांच्या दराने सहा हजेऱ्यांचे 1,782 रुपये होतात, म्हणजे दिवसाला 90 पैशांहूनही कमी. महिन्याला ही शेकडा दीड रुपया पडते, आणि तेच पैसे गावात हातउसने काढायचे तर महिना शेकडा तीन किंवा पाच मोजावे लागतात. ज्याला पुढच्या आठवड्याचा किराणा भरायचा आहे तो 297 असो की 350, उशिरा येणाऱ्या दराकडे पाहून उचल नाकारत नाही. बागायतदारांची हंगामात कामे थांबवण्याची सूचनाही याच हिशेबात बसवून पाहावी लागेल. सालगड्याला त्याने फरक पडणार नाही, रोजाने जाणाऱ्या बाईला पडेल. निबंधासाठी गावात माहिती गोळा करणार असाल तर नुसता दर विचारू नका. नमुना 4 भरून काम मागितल्याची पोच कोणत्या तारखेची आहे, हजेरीपट कधी बंद झाला आणि पैसे खात्यात कधी पडले, या तीन तारखा प्रत्येक कुटुंबाकडून लिहून घ्या.