तरुण क्लायंटसाठी सेमिनार सोडून काय करता येईल? म्युच्युअल फंडवाल्यांना प्रश्न

गंगापूररोड_एमएफडी

नमस्कार मंडळी. नाशिकला म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युशन करतो, काम वडिलांनी सुरू केलेलं, त्यांच्याकडे आधी एलआयसी आणि पोस्टाची एजन्सी होती, फंड नंतर आले. क्लायंट बहुतेक पन्नाशी-साठीचे, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून रिटायर झालेले, शिक्षक, थोडे द्राक्ष बागायतदार. यांची मुलं आता पंचविशी-तिशीत आहेत, पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरी, पगार चांगले, आणि माझा त्यांच्याशी संबंध काय तर आईवडिलांच्या फोलिओत (फंडातल्या खात्यात) नॉमिनी म्हणून नाव. क्लायंट गेले की ट्रान्समिशनचे, म्हणजे युनिट्स वारसाच्या नावावर करायचे कागद घेऊन मुलगा किंवा मुलगी ऑफिसला येते तेव्हा आमची पहिली भेट होते. हे मला मनापासून खटकतं, ओळख व्हायला असा प्रसंग का लागावा?

दरवर्षी हॉटेलचा हॉल घेऊन कार्यक्रम करतो, एएमसीचा (फंड चालवणाऱ्या कंपनीचा) स्पीकर, स्लाइड्स, नंतर चहा-कटलेट. येतात ते जुनेच लोक, मुलांना मेसेज केला की अंगठा येतो, माणूस येत नाही. म्हणून यंदा काहीतरी साधं करायचं डोक्यात आहे, रविवारी सकाळी पांडवलेणी चढून खाली मिसळ, किंवा टर्फ बुक करून बॉक्स क्रिकेट. पण तिथे पैशाचा विषय काढायचा कधी, आणि काढलाच नाही तर ती नुसती पार्टी होणार नाही का? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

पिंपरीचा_एआरएनवाला

दादा, क्रिकेटने सुरुवात करू नका. आम्ही टर्फ केलं, मजा आली, पण आले फक्त खेळणारे मुलगे, मुली जवळपास नाहीतच, आणि दमल्यावर कोणाला काही ऐकायचं नसतं. आमच्याकडे चाललं ते म्हणजे सॅलरी स्लिपची सकाळ. वाकडला एका कॅफेचा वरचा मजला शनिवारी सकाळी दहाच्या आत रिकामा असतो, तिथे आठ-दहा जण बोलवायचे, त्याहून जास्त नाही. प्रत्येकाने स्वतःची स्लिप आणायची, कंपनीचं नाव आणि आकडे झाकायचे असतील तर झाका. मग आपण नुसतं ती वाचायला शिकवायचं.

तुम्हाला वाटेल यात काय विशेष, पण इंजिनिअर झालेल्या पोरांना सीटीसीमधले, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातले पैसे हातात का येत नाहीत हे कोणी समजावून सांगितलेलंच नसतं. बेसिकच्या ४.८१% ग्रॅच्युइटी म्हणून सीटीसीत धरलेली असते, कंपनीचा पीएफचा हिस्सा पण त्यातच. एका मुलीने पीएफचं पासबुक उघडलं आणि विचारलं, माझे आणि कंपनीचे सारखेच कापतात मग कंपनीचे कमी का दिसतात? कंपनीच्या हिश्शातून तिच्या पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला १,२५० जात होते, म्हणजे १५,००० वर ८.३३%. त्यावरून अर्धा तास गेला, कारण शेजारच्याच्या पासबुकात तो रकाना शून्य होता, तो २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेला आणि बेसिक १५,००० च्या वर, म्हणून तो पेन्शन स्कीममध्ये बसतच नव्हता. सगळे आपापले मोबाईल काढून बघायला लागले. मग विषय आपोआप पुढे गेला, नोकरी बदलली की पीएफ काढायचा का ट्रान्सफर करायचा, पाच वर्षं सलग धरली जाण्याआधी काढला तर टॅक्स लागतो, आणि जास्त लोकांचं दुखणं म्हणजे बाबांच्या सांगण्यावरून मार्चमध्ये ८०सी च्या टॅक्स वजावटीसाठी पॉलिसी नाहीतर ईएलएसएस (टॅक्स वाचवणारा फंड) घेतलेली आणि कंपनीत निवडलेली न्यू रिजीम, ज्यात ८०सी मिळतच नाही, म्हणजे त्या वजावटीचा काही उपयोगच नाही.

त्या दिवशी फंडाचं नाव सुद्धा काढायचं नाही. एकही नाही. तुमचा प्रश्न होता ना पैशाचं बोलायचं कधी, तर पहिल्या मिनिटापासून बोलायचं, पण त्यांच्या पैशाचं, आपल्या प्रॉडक्टचं नाही.

हिंजवडी_फेज३

मी त्या पलीकडच्या बाजूचा, वय २७, आयटीत. सॅलरी स्लिपवालं वाचून खरंच जावंसं वाटलं. आम्ही का येत नाही ते सांगतो. दारातच फॉर्म असतो, नाव नंबर पगार किती, आणि सोमवारपासून फोन सुरू. दुसरं म्हणजे आईबाबांसोबत बोलावता, त्यांच्यासमोर मी माझं क्रेडिट कार्डचं थकलेलं बिल किंवा शेअर बाजारात ऑप्शन्समध्ये गेलेले पैसे याबद्दल तोंड उघडणार आहे का? माझ्या टीममध्ये दोघांचे एफअँडओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्स) बरेच गेलेत, घरी माहीत नाही. सेबीच्या (शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणारी संस्था) २०२४ च्या अभ्यासात होतं की तीन वर्षांत ९३% वैयक्तिक ट्रेडर्स तोट्यात गेले, हा आकडा आम्हाला माहीत असतो हो, पण त्यावर न ओरडता बोलणारं मोठं माणूस भेटत नाही. असं कोणी जेवायला बसून नीट ऐकून घेतलं तर मी मित्रांना घेऊन येईन.

आणि एक, डायरेक्ट प्लॅन (डिस्ट्रिब्युटरशिवाय थेट घ्यायचे) २०१३ पासून आहेत, ॲपवर एसआयपी (दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक) आम्ही दोन मिनिटांत करतो. त्यासाठी तुमची गरज नाही, तेव्हा तिथे आमच्याशी भांडू पण नका. गरज लागते ती आईबाबांच्या मेडिक्लेमला, फ्लॅट घ्यावा की थांबावं याला, लग्नानंतर दोघांचे पैसे कसे ठेवायचे याला. नोकरी सोडली की कंपनीचा मेडिक्लेम संपतो हे मला माझी नोकरी गेली तेव्हा कळलं. हे विषय ठेवा.

नियम_वाचा_आधी

चांगलं चाललंय, दोन गोष्टी मध्येच सांगतो कारण यात लोक अडकतात. एआरएन (फंड विकायचा नोंदणी नंबर) असलेला माणूस डिस्ट्रिब्युटर आहे, पोस्टरवर स्वतःला फायनान्शियल ॲडव्हायजर लिहायचं नाही, तो शब्द सेबीकडे रजिस्टर झालेल्या आरआयएचा (रजिस्टर्ड इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायजर). कार्यक्रमाच्या व्हॉट्सॲप इमेजवर पण हे लागू धरा. आणि जो कोणी "एसआयपी सुरू करा, टर्फ फ्री" किंवा गिफ्ट व्हाउचर असलं काही सुचवेल त्याचं ऐकू नका, गुंतवणुकीच्या बदल्यात कमिशन किंवा भेट परत देणं ॲम्फीच्या (फंड कंपन्यांची संघटना) आचारसंहितेत बसत नाही. मिसळ सगळ्यांना द्या, पैसे गुंतवो न गुंतवो. मिसळीचं बिल आणि फोलिओ यांचा संबंध येता कामा नये. एएमसीला पण शक्यतो लांब ठेवा, त्यांचा बॅनर लागला की पोरं ओळखतात.

राजारामपुरी_ताई

कोल्हापूरला मी फक्त मुलींसाठी करते, नोकरी करणाऱ्या, बहुतेक पहिल्या पाच वर्षांतल्या. आधी मिक्स करून बघितलं, मुली बोलायच्याच नाहीत, कोणीतरी एक मुलगा शेअर बाजारावर सगळा वेळ घ्यायचा. वेगळं केल्यावर जे प्रश्न आले ते मी कधी ऐकलेच नव्हते. लग्नानंतर नाव बदललं तर पॅन, बँक, केवायसी यात कुठून सुरुवात करायची. माझ्या पगारातून आईला पैसे पाठवते ते नवऱ्याला सांगावं का. एकीचं अकाउंट अजून बाबा चालवतात, ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. तिला मी फक्त बँकेत जाऊन स्वतःचा नंबर कसा लावायचा ते सांगितलं, पुढच्या वेळी ती मावसबहिणीला घेऊन आली.

दादा, मी स्वतः कोणाला फोन करत नाही. नंबर मागत नाही, माझा देते. जिला बोलायचंय ती करते, काही जणी वर्षाने करतात. दर महिन्याचं टार्गेट डोळ्यासमोर ठेवून यात पडाल तर वैतागाल आणि तो वैताग समोरच्याला दिसतो. आणि तुमच्या नाशिकच्या बाबतीत, मुलं पुण्याला आहेत तर दर महिन्याचा कार्यक्रम नाशिकला ठेवून कोण येणार? दिवाळीत सगळी घरी येतात. पाडवा-भाऊबीज सोडून मधली एखादी सकाळ धरा.

गंगापूररोड_एमएफडी

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः हिंजवडीवाल्या मित्राचे, इतकं स्पष्ट आमच्याशी कोणी बोलत नाही. टर्फ रद्द. ताईंचं दिवाळीचं अगदी पटलं, भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार बघतो, मळ्यावर मिसळ, दहा-बारा जण, आईवडील नाहीत, दारात फॉर्म नाही. विषय दोनच ठेवतो, सॅलरी स्लिप आणि आईबाबांचा मेडिक्लेम, दुसरा यासाठी की आधीच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि आमच्या क्लायंटपैकी कितीतरी जणांना शुगर-बीपी आहे, तो निर्णय मुलांनी आत्ताच घेतलेला बरा.

एक अडचण उरते. बोलवायला मुलांचे नंबर माझ्याकडे नाहीत, नॉमिनीच्या माहितीतून काढून फोन करणं मला पटत नाही. आईवडिलांमार्फत निरोप दिला तर "जा रे, काका बोलावतायत" होणार आणि मुलं आधीच नाराज होऊन येणार.

हिंजवडी_फेज३

काका, ज्या दोन-तीन मुलांशी थोडी तरी ओळख आहे त्यांनाच यजमान करा. विषय त्यांनी ठरवायचा, कोणाला आणायचं ते त्यांनी ठरवायचं, मेसेज त्यांच्या ग्रुपवर त्यांच्या नावाने जाऊ दे. तुमच्या क्लायंटची मुलं नसलेली पण येतील, त्यांना परत पाठवू नका. माझं गाव निफाड, दिवाळीत घरीच आहे, तारीख टाका.