मदत हवी आहे : शाळेत जप्त झालेल्या ई-सिगारेटचे काय करावे?

मी पुण्यातील एका माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे काम पाहतो. गेल्या दोन महिन्यांत नववीच्या वर्गात पेनड्राइव्हसारखी दिसणारी पाच उपकरणे सापडली असून ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली आहेत. मात्र 2019 च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीबरोबरच साठ्यावरही बंदी असल्याने ती तेथे ठेवणेच अडचणीचे ठरेल, अशी शंका आम्हाला वाटते.

सिगारेटची गोष्ट वेगळी होती. शाळेपासून शंभर यार्डांच्या आतील टपरीवाल्याला 2003 चा कायदा दाखवताच त्याने विक्री थांबवली. येथे मात्र खरेदी समाजमाध्यमांवरून होते, आणि आजोबांची विडी सुटावी म्हणून हट्ट धरणारी हीच मुले ‘ही नुसती वाफ आहे’ असे निःशंकपणे सांगतात. त्या वाफेत बहुधा निकोटिन असते, हे डॉक्टरांच्या व्याख्यानातून सांगून झाले. पालकांची बैठकही झाली, पण फारसा फरक पडला नाही.

मुलांची नावे पोलिसांच्या नोंदीत जाऊ नयेत आणि कोणालाही शाळेतून काढले जाऊ नये, यावर आमचे एकमत आहे. 2019 च्या कायद्यानुसार कारवाईचा अधिकार उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास आहे, एवढे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा विद्यार्थ्यांची ओळख उघड न करता ही उपकरणे लेखी पोच घेऊन पोलिसांकडे सोपवण्याचा अनुभव कोणत्या शाळेला आहे, आणि त्या पत्रात नेमका कोणता मजकूर लिहिला होता?