पश्चिम आफ्रिकेतल्या देशांना एकच चलन झेपेल का?

प्रश्नचिन्ह:
मंडळी, एक शंका आहे. इकोवास म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा जो गट आहे, त्यांचं 'इको' नावाचं एकच चलन येणार येणार असं किती वर्षं चाललंय. आधी २००३ म्हणाले, मग २००५, २००९, २०१५, २०२० आणि आता २०२७. शेजारी शेजारी देश, एकमेकांशी व्यापार, मग अडतंय कुठे? नुसती सरकारी चालढकल आहे की खरंच तयारी नाहीये?

बिनव्याजी:
तयारी नाही, सरळ आहे. इकोत यायच्या अटी वाचा ना. बजेटची तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ७० टक्क्यांच्या आत, महागाई आटोक्यात, सरकारने सेंट्रल बँकेकडून उचल घ्यायची तर त्यालाही मर्यादा. आता घानाचं बघा, २०२२ च्या डिसेंबरमध्ये महागाई ५४ टक्क्यांवर आणि त्याच महिन्यात बाहेरच्या कर्जाचे बरेचसे हप्ते थांबवले. अशा देशाबरोबर नोटा शेअर कोण करणार?

रात्रपाळी:
अटी आहेतच हो, पण खरी गोम तिथे नाहीये. एखाद्या वर्षी सगळ्यांनी अटी पाळल्या तरी पुढच्या वर्षी काय? मुंडेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्येच हे मांडलंय, धक्का सगळ्यांना सारखा बसत असेल तर एक चलन चालतं, नाहीतर माणसं आणि पैसा इकडून तिकडे सहज जायला हवा. आता इथे नायजेरिया गटातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था, आणि डॉलर येतात ते तेलातून. तेल महागलं की नायजेरियाची चांदी, आणि टोगो, बेनिन वगैरे तेल बाहेरून आणतात त्यांचं कंबरडं मोडणार. मग सामायिक बँकेने व्याजदर वाढवायचे की कमी करायचे? कुणाचं ऐकायचं?
२०१४ नंतर तेल आपटलं तेव्हा नायजेरियाने नायराचा भाव बरेच महिने धरून ठेवला, डॉलर मिळेनासा झाला, शेवटी जून २०१६ मध्ये सोडावाच लागला. म्हणजे सोडायला निदान स्वतःचं चलन तरी होतं! इको असता तर तेवढीही वाट नव्हती, आणि शेजाऱ्यांकडून मदत येईल असा सामायिक खजिना नाही. युरो वापरणारा ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा युरोपात काय झालं ते आठवा, आणि ते तर श्रीमंत देश.

कोरा_धनादेश:
वरच्या चर्चेत एक राहिलं, तिथल्या आठ देशांचं चलन आत्ताही एकच आहे. सीएफए फ्रँक, फ्रेंच वसाहतींच्या काळातलं, १९४५ पासून. सेनेगल, कोत दिव्वार, माली, बुर्किना फासो वगैरे, सेंट्रल बँक एकच, डकारला. भाव युरोला बांधलेला, १ युरोला ६५५.९५७ फ्रँक. महागाई शेजाऱ्यांपेक्षा बरीच कमी राहते, ही जमेची बाजू मान्य करायलाच हवी.
पण किंमत बघा. युरोच्या आधी तो फ्रेंच फ्रँकला बांधलेला होता, तर जानेवारी १९९४ मध्ये एका रात्रीत भाव निम्मा केला, एका फ्रेंच फ्रँकला ५० होते ते १०० झाले. पगार तेवढाच आणि बाहेरून येणारी औषधं, तांदूळ एकदम महाग. सगळ्यांना एकच औषध, ज्याला गरज होती त्यालाही आणि ज्याला कमी होती त्यालाही. आणि इतकी वर्षं एक चलन असून या आठांचा आपापसातला व्यापार तसा कमीच आहे, कारण सगळे कच्चा माल बाहेर विकतात, एकमेकांकडून घेणार काय? गंमत म्हणजे मालीने १९६२ मध्ये स्वतःचं चलन काढलं आणि १९८४ मध्ये परत फ्रँकमध्ये आला.

प्रश्नचिन्ह:
हे माहीत नव्हतं. पण मग सीमेवर रोज माल नेणाऱ्या छोट्या माणसाचं काय? त्याचा त्रास तर खरा आहे ना.

रात्रपाळी:
खराच आहे. टोगोची राजधानी लोमे संपली की लगेच घानाचं आफ्लाव, नाक्यावर नोटा बदलून देणारे बसलेले असतात, सेदी म्हणजे घानाचं चलन द्या, फ्रँक घ्या, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापलं जातं. पण त्याला एक चलनच हवं असं नाही. २०२२ मध्ये पॅप्स नावाची पेमेंट सिस्टीम आली आहे, आफ्रिकेतल्या देशांमधे आपापल्या चलनात पैसे पाठवता यावेत, मधे डॉलर लागू नये म्हणून. ती नीट पसरली तर निम्मी कटकट कमी होईल आणि कुणाची सेंट्रल बँक बंद करावी लागणार नाही. आणि नाक्यावरचा जाच फक्त नोटांचा नाही, २०१९ च्या ऑगस्टपासून वर्षभराहून जास्त नायजेरियाने जमिनीवरच्या सीमाच मालासाठी बंद ठेवल्या होत्या, तेव्हा इको असून काय उपयोग झाला असता.

बिनव्याजी:
हे पटलं. त्यातून माली, बुर्किना आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडलेत, पण खिशात अजून सीएफएच! त्यामुळे २०२७ मध्ये सगळ्यांचं मिळून काही होईल असं मला वाटत नाही. झालंच तर घाना आणि कोत दिव्वार यांनी करून बघावं, दोघांचं कोकोवर पोट, भाव पडला तर दोघेही एकदम रडणार.

कोरा_धनादेश:
घानाने २०१९ मध्येच सांगितलंय, युरोला बांधलेला भाव नको. कोत दिव्वार ते सोडेल असं दिसत नाही.