फादर दिब्रिटोंना आदरांजली

वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या लेखनाबद्दल सगळे भरभरून लिहितात, ते योग्यच. बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं आणि त्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण मला त्यांचं ‘हरित वसई’ या पर्यावरण चळवळीतलं काम अधिक मोलाचं वाटतं. वसईतली शेतं, विहिरी, बागा बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून धर्मगुरूच्या झग्यातला हा माणूस धमक्यांना भीक न घालता रस्त्यावर उतरला. लढा कुठल्या एका धर्माचा नव्हता, सगळे गावकरी त्यात होते. २०२०च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद ख्रिस्ती धर्मगुरूला कसं, म्हणून विरोध झाला, तेव्हाही पाठीच्या दुखण्यासह ते व्हीलचेअरवरून व्यासपीठावर आले आणि असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट बोलले. २५ जुलै २०२४ला ते गेले. फादर, तुम्हाला मनापासून वंदन.