युप हाइंकेस: तुम्ही पाहिलेले, तुम्हाला आठवणारे

नमस्कार मंडळी,

मोठा फुटबॉलपटू पुढे मोठा प्रशिक्षक होतोच असं नाही. जर्मनीच्या युप हाइंकेस यांना दोन्ही जमलं. मोंशनग्लाडबाखच्या एका लोहाराचा हा मुलगा. बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, 369 सामन्यांत 220 गोल, 1974च्या विश्वविजेत्या संघात जागा, आणि प्रशिक्षक म्हणून दोन वेगळ्या क्लबांना चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. तरी आपल्याकडे बेकेनबावर आणि क्लॉपवर जेवढं बोललं जातं, त्याच्या निम्मंही यांच्यावर नाही. मला ते खटकतं. ज्यांनी त्यांचे संघ पाहिलेत त्यांनी लिहा. करंडकांची यादी नको, तुम्ही काय पाहिलंत ते हवं.

सुरुवात मीच करते. 19 मे 2012, हाइंकेस यांच्या बायर्न म्युनिकचा चेल्सीविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, तोही म्युनिकमध्ये, बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर. 83व्या मिनिटाला म्युलरचा गोल, 88व्याला द्रोग्बाची बरोबरी. जादा वेळेत रोबेनची पेनल्टी चेल्सीचा गोलरक्षक चेक यानं अडवली आणि शेवटी शूटआउटमध्ये सगळं गेलं. त्या हंगामात लीग, जर्मन कप आणि हा सामना, तिन्हीकडे बायर्न दुसरेच. 67 वर्षांचा माणूस यातून संघ उभा करेल असं मला त्या रात्री वाटलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी तिन्ही जिंकले. तेही गार्डिओला त्यांच्या जागी येणार हे जानेवारीतच जाहीर झालेलं असताना!

कोल्हापूरहून

मी पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. आमच्याकडे फॉरवर्डला मागे पळायला सांगितलं की त्याला अपमान वाटतो. 2013च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलमध्ये बायर्ननं बार्सिलोनाला 4-0 आणि 3-0 असं हरवलं, त्याच्या क्लिप मी पोरांना अजून दाखवतो. गोल नाही दाखवत. रिबेरी आणि रोबेन हे फॉरवर्ड आपल्या बॅकच्या मदतीला किती खाली येतात ते दाखवतो. आधीच्या वर्षी हे दोघं अशी मेहनत सतत करताना दिसत नव्हते. एवढ्या मानी खेळाडूंकडून ती करून घ्यायची, तेही चारचौघांत त्यांना कमीपणा न आणता, यातच हाइंकेस यांची खरी प्रशिक्षकी दिसते. मधल्या फळीतला हावी मार्तिनेझही त्यांनी हट्टानं मागून घेतला होता. 4 कोटी युरो मोजले म्हणून तेव्हा ओरड झाली. बार्सिलोनाविरुद्ध तो कसा खेळला ते एकदा फक्त त्याच्यावर नजर ठेवून बघा.

दिल्लीत राहिलेला एक पुणेकर

मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलंय! 10 जानेवारी 2012, नेहरू स्टेडियम, बायचुंग भुतियाचा निरोपाचा सामना. बायर्नचा संघ दोह्यातल्या सरावशिबिरानंतर आला होता. आपण 0-4 हरलो. थंडी मरणाची होती, तरी लोक भुतियासाठी शेवटपर्यंत थांबले.

डसेलडॉर्फहून

हाइंकेस यांचं मोंशनग्लाडबाख, म्हणजे आमचं ग्लाडबाख, इथून जवळच, त्यामुळे ऑफिसात त्या क्लबचे भक्त भरपूर. त्यातले एक ज्येष्ठ सहकारी अजून 1971चा इटलीच्या इंटर मिलानविरुद्धचा 7-1 विजय सांगतात. प्रेक्षकांतून फेकलेला डबा इंटरच्या खेळाडूला लागला म्हणून तो निकालच रद्द झाला. हाइंकेस त्या संघात होते.

या गावाशी त्यांचं नातं साधं नाही. 2006मध्ये ते ग्लाडबाखचे प्रशिक्षक म्हणून परत आले, संघ घसरत गेला, त्यांना धमक्या आल्या आणि जानेवारी 2007मध्ये त्यांनी पद सोडलं. ज्या गावानं घडवलं तिथूनच असं जावं लागणं किती जिव्हारी लागलं असेल! म्हणून मे 2013मधला प्रसंग मला फार मोठा वाटतो. बायर्नचा त्या हंगामातला शेवटचा लीग सामना नेमका ग्लाडबाखलाच होता. बायर्न 4-3 जिंकलं, आणि नंतर पत्रकारांसमोर बोलताना हाइंकेस यांना रडू आवरेना. मी ते टीव्हीवर पाहिलं. नंतर ऑफिसात बायर्नचा द्वेष करणारेही त्यांच्याबद्दल मायेनं बोलत होते.

नाशिकहून

1998 विसरू नका. हाइंकेस यांच्या रेआल माद्रिदनं 32 वर्षांनी युरोपचा कप, म्हणजेच चॅम्पियन्स लीग, जिंकला, युव्हेंटसविरुद्ध मियातोविचचा एकमेव गोल. लीगमध्ये चौथे आले म्हणून हंगाम संपताच हाइंकेसना नारळ. मला हा अन्याय आजही पटत नाही.

म्युनिकहून

सप्टेंबर 2017च्या अखेरीस बायर्ननं प्रशिक्षक आन्चेलोत्तींना काढलं आणि ऑक्टोबरमध्ये 72 वर्षांच्या हाइंकेसना निवृत्तीतून बोलावलं, तेव्हा मी इथे नवीन होतो. डॉर्टमुंड पाच गुणांनी पुढे होतं. हंगाम संपला तेव्हा बायर्न दुसऱ्या क्रमांकाच्या शाल्केपेक्षा 21 गुणांनी पुढे! 1991मध्ये याच क्लबनं त्यांना काढलं होतं. तो निर्णय आपली सर्वांत मोठी चूक होती, असं क्लबचे तेव्हाचे व्यवस्थापक उली हॉनेस यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं. एवढं होऊनही क्लब अडचणीत आला की हाइंकेस येत राहिले, 2009मध्येही आणि 2017मध्येही. त्यांचा शेवटचा सामना, जर्मन कपचा अंतिम, बायर्न फ्रांकफुर्टकडून 1-3 हरलं. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते निको कोवाच, म्हणजे बायर्नमध्ये त्यांचीच जागा घेणार होते ते. मला वाईट वाटलं, पण त्या मोसमातला संघ मी कुणालाही अभिमानानं दाखवेन. लेव्हरकूझन या क्लबमधला त्यांचा काळ कुणी जवळून पाहिलाय का? 2009-10मध्ये पहिले 24 लीग सामने ते हरले नव्हते. त्याबद्दल वाचायला आवडेल.