'रॅप रेज'ला काय म्हणावं?

मी_मीरा: ग्राहकांसाठीच्या एका मासिकाला लेख मराठीत करून देतेय. कडक प्लास्टिकात ठोकून बंद केलेल्या वस्तू उघडताना माणसाचं डोकं फिरतं, त्याबद्दल आहे. इंग्रजीत त्याला 'रॅप रेज' म्हणतात. मी 'वेष्टनसंताप' केलं. संपादकांचा शेरा आला, 'हा रोग आहे की त्यावरचं चूर्ण?' शिवाय 'पाकीट फोडताना बोट कापलं' यातलं 'फोडताना' खोडून 'उघडताना' केलंय. फोडतात तो नारळ म्हणे. आमच्याकडे तर बिस्किटाचा पुडा फोडतातच. सुचवा काही.

खवचट: 'अनावरण' घ्या. पुतळ्याचं होतं तेच, फक्त इथे प्रमुख पाहुणे दातांनी करतात. आवरणही अनावर, रागही अनावर.

कोशकीटक: कोटी व्युत्पत्तीलाही धरून आहे, दोन्हींच्या मुळाशी एकच 'वृ' धातू. पण संताप, क्रोध वगैरे नको. क्रोध दुर्वासांना येतो. टूथब्रशचं पाकीट हातात घेऊन बसलेल्याचा होतो तो त्रागा. आज हा शब्द मिळमिळीत झालाय, पण जुना अर्थ ऐका. काठेवाडातले चारण-भाट जामीन राहायचे, आणि समोरच्याने शब्द मोडला तर स्वतःच्याच अंगावर कट्यार चालवायचे, पाप त्याच्या माथी. तो त्रागा. आता ते पत्र्यासारखं प्लास्टिक कात्रीने अर्ध्यापर्यंत कापायचं, उरलेलं हाताने ओढायचं, आणि कापलेली कड अंगठ्याच्या पेरात घुसते. राग कंपनीवर, रक्त आपलं. याहून चपखल शब्द दाखवा.

तळकोकण: पुडा फोडतात काय नि उघडतात काय! पुडी सोडतात. आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. वर दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं, पुडीला वेढे घालून बोटाने हिसका दिला की दोरा तुटायचा. घरी पुडी सोडायची, दोरा गुंडाळून ठेवायचा आणि कागद वाचायचा. फोडाफोडी प्लास्टिकबरोबर आली.

कोशकीटक: नाही हो. लखोटा फोडायचे ते प्लास्टिकच्या कितीतरी आधी. लाखेने बंद केलेला म्हणून लखोटा. बांधलेलं सोडतात, झाकलेलं उघडतात, मोहरबंद केलेलं फोडतात. मीराताई, तुमचं 'फोडताना' बरोबर आहे, संपादकांना सांगा.

वऱ्हाडी_मिरची: आमच्याकडे खोलतात. विषय संपला.

शुद्धमती: 'खोलणे' हिंदी. मराठीत खोल असते ती विहीर. हल्ली पोरं 'पाकीट खोल' म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो.

वऱ्हाडी_मिरची: माझी आजी एक अक्षर हिंदी बोलत नव्हती, पण दार खोलतच होती. पेठेत ऐकू येत नाही ते मराठीच नाही का? आणि बाई, तुमचं 'पाकीट' कोणत्या पोथीतलं?

शुद्धमती: पाकीट रुळलंय. रुळलेलं आणि घुसलेलं यात फरक असतो.

वऱ्हाडी_मिरची: हो ना, तुम्ही आणलं की रुळलं, आम्ही आणलं की घुसलं.

बोलाचीच_गोळी: औषधाचं दुकान चालवतो म्हणून सांगतो, सील उगाच आलेलं नाही. 1982 मध्ये शिकागोकडे कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, 7 माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत अशा औषधांना छेडछाड कळेल असं सील सक्तीचं झालं. दाबून फिरवायची झाकणं त्याच्याही आधीची, मुलांच्या हाती औषध लागू नये म्हणून 1970 च्या कायद्याने आलेली. हे सगळं मान्य. पण आमच्याकडे सांधेदुखीचे पेशंट जाड फॉइलची स्ट्रिप घेतात आणि काउंटरवरच म्हणतात, 'दोन गोळ्या काढून द्या, घरी कुणी नाही.' त्यांचा त्रागाबिगा नसतो. ते खजील होतात. याला शब्द आहे का?

खवचट: आणि चार्जरला कोण सायनाइड लावणार होतं?

बोलाचीच_गोळी: तिथे भीती चोरीची. बोटाएवढी वस्तू तळहाताहून मोठ्या प्लास्टिकात घातली की खिशात जात नाही, आणि दुकानात फोडायला गेलं तर आवाज होतो. घरपोच मालाला ही भीती नाही, म्हणून तर ॲमेझॉनने 2008 मध्ये साध्या खोक्यांची 'फ्रस्ट्रेशन-फ्री' योजना काढली.

मी_मीरा: अरे देवा, हा शब्द पण लेखात आहे! मी 'वैतागमुक्त' केलंय. चालेल?

तळकोकण: वैताग म्हणजे वीतराग. राग गेलेला तो वीतराग, आणि त्यापासून मुक्त म्हणजे पुन्हा राग आलेला. अर्थ उलटा होतो.

कोशकीटक: ही व्युत्पत्ती ओढूनताणून आहे. पण जुन्या मराठीत वैताग म्हणजे संसाराचा वीट, विरक्ती, हे खरं. वैताग आला की माणूस घर सोडायचा. पाकिटापायी कुणी हिमालयात जात नाही, म्हणून पुन्हा सांगतो, त्रागा.

शुद्धमती: 'सुलभवेष्टन' म्हणा. साधं, सरळ, मराठी.

खवचट: 'सुलभ' नको. भलतीकडे जाईल.

मी_मीरा: लेख उद्या द्यायचाय हो. त्राग्याला एक मत, बाकी?

वऱ्हाडी_मिरची: आधी ठरू द्या, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापतात की कातरतात? आमच्याकडे कातरतात, आणि तुकडा लटकताच ठेवतात.

तळकोकण: कापतात. कातरतात ती सुपारी.