माळावरचं कोडं आणि पणसायमळचं कातळशिल्प: एकाच हातचं?

खानापूरकर: परवा कुणीतरी दोन फोटो शेजारीशेजारी टाकले. एक गोव्यात कुशावती नदीकाठी पणसायमळला कातळात कोरलेलं कोडं, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांची चक्रव्यूहासारखी नक्षी; दुसरा आपल्या माळावरचा दगड मांडून केलेला चक्रव्यूह. खाली ‘एकाच आदिम संस्कृतीचा पुरावा’. अरे, एक कोरलंय, एक मांडलंय! मांडलेला दगड गुराखी पोरगंही हलवतं, त्याचं वय काय काढणार? नक्षी सारखी म्हणाल तर अधिकचं चिन्ह, चार काटकोन, चार ठिपके काढा, टोकं जोडत जा. सात फेऱ्या आपोआप होतात. ग्रीसमधल्या पायलॉसला मातीच्या पाटीवर हेच आहे, चौकोनी. पाठीमागे शेळ्यांचा हिशेब. राजवाडा जळला, पाटी भाजली, म्हणून वय कळलं: इ.स.पू. 1200 च्या आसपास. आपला माळ कधी जळाला होता?

कातळवेडा: म्हणजे आमच्या पूर्वजांनी नुसत्या रेघोट्या मारल्या? सोलापूरजवळ बोरामणीच्या कोड्याला 15 फेऱ्या आहेत. काढा चार ठिपक्यांत!

खानापूरकर: प्रत्येक कोपऱ्यात एक काटकोन वाढवला की चार फेऱ्या वाढतात. 7, 11, 15. वहीवर करून बघा, मग भांडा.

माणदेशी गडी: वय घाला चुलीत. आमच्या शिवेवरचं कोडं पवनचक्कीच्या रस्त्याखाली गेलं. कोकणातल्या कातळशिल्पांना युनेस्कोच्या जागतिक वारशाची संभाव्य यादी, आम्हाला मुरूम!

राजापूरकर: आमच्यावर का घसरताय? यादीत नाव असून 2023 ला आमच्या बारसूच्या सड्यावर, कातळशिल्पांच्याच पठारावर, रिफायनरीपायी काय आंदोलन पेटलं, पाहिलंत ना?

माणदेशी गडी: पाहिलं. निदान टीव्हीवर तरी आलं. आमचं निम्मं कोडं त्याआधीच बांधाला गेलं होतं. चुलत्यानंच ट्रॉली भरली, खोटं कशाला बोलू.

राजापूरकर: घ्या! आणि शिव्या पवनचक्कीला.

विट्याची सून: माझी आजेसासू अडलेल्या बाळंतिणीसाठी काशाच्या ताटात कुंकवानं हेच काढायची आणि धुऊन ते पाणी पाजायची. आदिम-बिदिम काही म्हणायची नाही.

कातळवेडा: आता आजेसासू पुरावा!

विट्याची सून: तुमचे दोन फोटो चालतात, मग आमचं ताट का नाही?

खानापूरकर: ताई, मला पटतंय. अभिमन्यू अडकला, पण या कोड्यात वाट एकच. चुकायची सोयच नाही. सुटकेसाठी हेच काढणार ना माणूस. म्हणून पणसायमळवाल्यांच्या मनातही बाळंतीणच होती, असं मात्र म्हणणार नाही.

कातळवेडा: बरं बाबा, त्या ओळीत ‘बहुधा’ घालायला सांगतो. खूश?

माणदेशी गडी: ‘बहुधा’नं आमचे दगड परत येतील काय?

राजापूरकर: ते चुलत्याला विचारा. बांध त्यांचाच.